चांदणीची बाजू

डिसेक्शन हॉलमध्ये पहिल्या वर्षाची मुलं आली की तिचा पहिला धडा ठरलेला असे. कोटांच्या घड्या अजून मोडलेल्या नसत, निम्म्यांच्या नजरा जमिनीला खिळलेल्या आणि एखादी मुलगी हळूच भिंतीला टेकलेली. ती टेबलावरची चादर लगेच काढत नसे. आधी विचारायची, "डावा हात कुठला?"

सगळे आपापला हात वर करत.

"तुमचा नाही विचारला. यांचा."

मग गोंधळ, थोडी खसखस, आणि त्या खसखशीत मुलांची भीती जरा सैल व्हायची. "आपलं डावं-उजवं दाराबाहेर ठेवून यायचं," ती सांगायची. "इथं डावं म्हणजे यांचं डावं. समोर माणूस असतो, म्हणून मनातल्या मनात उलट करायचं. झोपेतून उठवलं तरी चुकता कामा नये."

मग ती क्षणभर डोळे मिटून हात जोडायची. मोठ्यानं काही म्हणायची नाही. ज्यानं आपलं शरीर दान केलं त्याची परवानगी घेतल्याशिवाय हात लावायचा नाही, हा तिचा नेम होता. आधी नमस्कार, मग काम, आणि ते उरकेपर्यंत पाण्याचा घोटही नाही. मुलं तिचं पाहून आपोआप हात जोडत.

शिकवणं हा तिच्या नोकरीचा अर्धा भाग. उरलेला अर्धा, म्हणजे खरं तर सगळा जीव, वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत होता. तिथं तिची पीएचडी चालू होती, पेशीशास्त्र आणि शरीररचना यांच्या सांध्यावरची. तिथं तिला सगळे सुगरण म्हणत. सुगरण पक्षिणीसारखे हात, असं तिच्या गाइड मॅडम एकदा म्हणाल्या आणि ते चिकटलं. मेणात बुडवलेल्या ऊतीचे काप ती असे काढायची की पाण्यावर तरंगताना ते दिसत नसत, नुसती चमक दिसे. मांसाचा एक धागा, चरबीचा एक ठिपका ती शिल्लक ठेवत नसे. दुसऱ्यांच्या स्लाइड पाहून मॅडम नाक मुरडायच्या, "ही काय भाजी निवडलीय?" तिच्या स्लाइडबद्दल त्या काही बोलत नसत. शेजारच्याला नुसतं म्हणायच्या, "बघून घे."

तिचा विषय एक गाठ होती. मानेच्या मुळाशी, पहिल्या बरगडीला चिकटून, दोन्ही बाजूंना एकेक. शेंगदाण्याएवढी मज्जापेशींची गाठ, तिच्यातून धागे फुटतात आणि हृदयाकडे जातात. आकार चांदणीसारखा, म्हणून प्रयोगशाळेत तिला चांदणीच म्हणत. माणूस घाबरला, धावला, रडला की या दोन चांदण्या हृदयाला हाकतात. आयुष्यभराच्या हाकण्यानं त्यांच्या पेशींत कचरा साठतो, पिवळट तपकिरी कण, पेशीला जाळता न आलेले. कुठल्या बाजूच्या चांदणीत कचरा जास्त साठतो, एवढाच तिचा प्रश्न होता.

देहदानाचं शरीर आलं की ते टिकवणारं फॉर्मलीन भरण्याआधी तिला बोलावत. चेहरा आणि छाती झाकलेली. नातेवाईक अजून बाहेरच्या खोलीत बसलेले असायचे, म्हणून चीर लहान घ्यायची, गळ्याच्या दोन्ही बाजूंना, कॉलरखाली लपेल एवढी. त्या छोट्या खिडकीतून ती दोन्ही चांदण्या काढायची. डावीला काळा दोरा बांधायची, उजवी तशीच सोडायची, आणि दोन्ही एकाच बाटलीत टाकायची.

"डावीला काळा दोरा का, तर नजर नको लागायला," काका म्हणायचे. काका म्हणजे तिच्या बाजूच्या टेबलावरचा संशोधक. वय काही काका म्हणण्याइतकं नव्हतं, पण त्यांची पीएचडी इतकी जुनी झाली होती की पहिल्या वर्षाला आलेली मुलं डॉक्टर होऊन परत शिकवायला आली तरी हे तिथंच.

तिला जे सापडलं ते कुणालाच अपेक्षित नव्हतं. माणसं दोन प्रकारची निघाली. काहींची डावी चांदणी कचऱ्यानं भरलेली आणि उजवी जवळजवळ कोरी, काहींचं नेमकं उलट. मधलं कुणी नाही. मॅडमनी आधी विश्वास ठेवला नाही, मग पुन्हा मोजायला लावलं, मग स्वतः मोजलं. मग शोधनिबंध छापून आला. परदेशातल्या मोठमोठ्या लोकांनी विचारलं, हे दोन प्रकार जन्मतःच असतात का? कुणी डावीचा झिजतो, कुणी उजवीचा, असं का? थिसिसचं नावच त्यावरून पडलं. थिसिस आता परीक्षकांकडे गेला होता.

घरी तर या दोन प्रकारांनी उच्छाद मांडला होता. सासूबाईंना हृदयाचा त्रास होता आणि त्यांनी स्वतःला परस्पर उजव्या गटात घालून घेतलं होतं.

"मी उजवीच. चिडायचं ते आतल्या आत, हे उजव्यांचं लक्षण," त्या भाजी चिरता चिरता सांगायच्या.

"आई, असं काही नसतं हो. तसं मी कुठं म्हटलंय?"

"तू नाही म्हटलंस, मी म्हणते. आणि हा तुझा नवरा डावा. बाप गेला तसाच."

नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. तो म्हणायचा, "मला मधे ठेवा. मला कुठल्याच गटात भांडायचं नाही." त्या घरात बऱ्याच गोष्टींना एकच उत्तर असे: थिसिस झाला की. घर बदलायचं, थिसिस झाला की. सासूबाईंना मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचं, थिसिस झाला की. आणि रात्री दिवा मालवल्यावर दोघं ज्या गोष्टीबद्दल बोलत, किंवा अलीकडे बोलत नसत, ती गोष्टही थिसिस झाला की.

दरवर्षी कॉलेज देहदात्यांच्या नातेवाइकांना बोलावून त्यांचे आभार मानतं. त्या वर्षी मॅडमनी भाषणासाठी तिचं नाव दिलं. "सोप्या शब्दांत सांग. दोन प्रकार समजावून दे. आपल्या माणसाचा उपयोग झाला एवढं त्यांना ऐकायचं असतं. आणि एक छानसं चित्र दाखव, चांदणी चांदणीसारखी दिसेल असं."

ते छानसं चित्र शोधायलाच ती बसली होती.

तिच्या नेहमीच्या स्लाइड इतक्या स्वच्छ होत्या की त्यांत चांदणी एकटीच दिसायची, अधांतरी लटकल्यासारखी. चित्रात आजूबाजूचं थोडं हवं, म्हणून तिनं एका मेणाच्या ठोकळ्याच्या अगदी कडेचे, टाकून द्यायचे म्हणून बाजूला ठेवलेले काप काढले. उजव्या प्रकारच्या एका आजोबांची ही चांदणी. दोरा नसलेली, म्हणजे उजवी. कडेला चरबीचा एक चट्टा राहून गेला होता, आणि त्या चरबीत एक नळी होती. भिंत पातळ, आत रक्त नाही, मधे झडपेची नाजूक पाकळी.

ती ओळखायला तिला क्षणही लागला नाही. जेवणातली चरबी पोटाकडून वर आणून रक्तात सोडणारी मोठी रसवाहिनी. ती मानेपर्यंत चढते आणि डाव्या चांदणीला खेटून वळते. डाव्या. उजवीकडे असते ती बारीक, नावापुरती.

तिला आधी आनंद झाला. खरंच झाला. "काका, इकडे या! आजोबांची रसवाहिनी उजवीकडे आहे!"

काकांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "वा! लाखात एखादा असतो म्हणतात. सुगरणबाई, आणखी एक निबंध. आम्ही इथं एकाला मोताद आणि तुमच्याकडे चालत येतात."

चहा होईपर्यंत ती त्याच आनंदात होती. मग सहज, आणखी कुणाच्या कडा शिल्लक आहेत का म्हणून तिनं बाकीचे ठोकळे चाळले. बहुतेकांच्या नव्हत्याच. सुगरणीनं सगळं निवडून टाकलेलं. एका बाईंच्या ठोकळ्यात कडेला बोटाच्या नखाएवढं काहीतरी राहिलं होतं. तिनं काप काढला, रंग दिला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. दोरा नसलेली चांदणी. उजव्या प्रकारची बाई. आणि तीच पातळ नळी, तीच पाकळी.

लाखातला एखादा एकाच कपाटात दोनदा येत नाही.

चहा तसाच राहिला. ती उठली आणि काकांना म्हणाली, "जरा खाली चला माझ्याबरोबर."

तयारीची खोली रिकामी होती. नुकतंच धुतलेलं स्टीलचं टेबल अजून ओलं होतं. "झोपा यावर," ती म्हणाली.

"अगं, अजून जिवंत आहे मी. गाइडना विचार हवं तर, त्यांनाही शंका आहे."

"झोपा ना काका."

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, काका बूट काढून मुकाट्यानं झोपले. तिनं कोपऱ्यातलं स्टूल ओढलं. हे स्टूल तिनंच मागवलं होतं. मधल्या काळात तिची कंबर धरायला लागली होती. एरवी ती टेबलाच्या कडेला, माणसाच्या कमरेपाशी उभी राहून त्याच्या गळ्याकडे वाकायची. पण कंबर दुखत असली की स्टूल घेऊन डोक्याशी बसायची. तिथून दोन्ही चिरा हाताशी येतात, वाकावं लागत नाही.

ती काकांच्या डोक्याशी बसली. त्यांच्या चेहऱ्यावर तिनं आपला रुमाल टाकला.

"हे काय?"

"बोलू नका." तिनं डोळे मिटले, हात जोडले. मग स्वतःलाच हळूच म्हणाली, "डावी." आणि हाताला जायचं तिथं जाऊ दिलं.

"झालं?" रुमालाखालून काका म्हणाले. "उजव्या खांद्यावर हात ठेवून काय आशीर्वाद देतेस का?"

तिनं डोळे उघडले. हात त्यांच्या उजव्या खांद्यावर होता. त्यांचं घड्याळ दुसऱ्या, डाव्या मनगटावर होतं.

कडेला उभं राहिलं की माणूस समोर असतो, तेव्हा उलट करावं लागतं. डोक्याशी बसलं की माणूस समोर नसतो. त्याचं डावं तेच आपलं डावं. उलट करायचंच नसतं. ज्याला या शास्त्रातलं ओ की ठो कळत नाही असा कुणी तिथं बसला असता तर त्याचा हात बरोबर गेला असता. तिचाच गेला नसता. तिनं डोळ्यांत तेल घालून स्वतःला शिकवलं होतं की उलट करायचं, नेहमी करायचं, झोपेतही.

काका रुमाल काढून उठून बसले. त्यांना समजायला वेळ लागला, आणि समजल्यावर त्यांची मस्करी कुठल्या कुठं गेली.

"म्हणजे ते उजवे..."

"ज्या दिवशी माझी कंबर दुखत होती त्या दिवशी आलेली माणसं उजवी झाली," ती म्हणाली. "दोन प्रकारची माणसं नाहीत काका. मी दोन प्रकारे बसले."

मग काका हळू आवाजात म्हणाले, "हे बघ. उलटं झालं असेल तर सुलटं करता येतं. जे जे उजवे आहेत ते फिरवून घे. सगळे डावे. तोही निकालच आहे की! उलट जास्त स्वच्छ."

"स्टूल कुणाच्या वेळी घेतलं होतं मला आठवत नाही. बसले तेव्हा दर वेळी चुकले का, तेही माहीत नाही. कधी लक्षात आलंही असेल. आणि यांतला एखादा खरंच उजवा असला तर? निकाल बघून मी बाजू ठरवायची आणि बाजू बघून निकाल सांगायचा?"

"शरीरं?"

"वर्ष संपलं की दहन होतं. सगळ्यांची झाली."

चिरा लहान होत्या. कडा निवडून टाकल्या होत्या. काम जितकं निगुतीनं केलं तितका मागचा माग पुसला गेला होता. ज्या दोन ठिकाणी तिचा हात जरा ढिला पडला तेवढ्याच दोन ठिकाणी खरं काय ते उरलं होतं.

मॅडमनी ऐकून घेतलं. त्यांच्या टेबलावर सेवानिवृत्तीच्या निरोप समारंभाचं आमंत्रणपत्र छपाईला जायचं पडलं होतं. मग म्हणाल्या, "पहिल्या वर्षाच्या पोरांना तू हेच शिकवतेस ना?"

"हो मॅडम."

"मीही हेच शिकवलं. तुला मीच शिकवलं." त्यांनी चष्मा काढला, पुसला, तो आधीच स्वच्छ होता. "किती जणांचं चुकलं?"

"सांगता येत नाही."

"अंदाजानं?"

"अंदाजही नाही मॅडम."

त्या एकदम चिडल्या. "मग काय सांगता येतं तुला? मी स्वतः मोजल्यात त्या पेशी! माझं नाव आहे त्या निबंधावर!" आणि लगेच आवाज उतरला. "भाषण ठरल्यासारखं कर. ती साधी माणसं आहेत. पुढचं पुढं बघू."

ती नमस्कार करून बाहेर पडली.

घरी सासूबाईंनी ताट वाढलं आणि तिचा चेहरा पाहून पुन्हा झाकलं. "काय झालं गं?"

तिनं सांगितलं. सोपं करून सांगितलं. सासूबाई हसतील, काहीतरी टोमणा मारतील, असं तिला वाटलं होतं. तेवढ्यावर तिचं निभावलं असतं.

सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे मी कुठलीच नाही?"

"नाही आई."

"आणि आता परत पहिल्यापासून?"

नवरा दारात उभा होता, हातावर भिंगांची पांढरी पूड तशीच. तो आत जाऊन हात धुवायला लागला, आणि नळ बराच वेळ वाहत राहिला.

त्या दिवशी देवासमोर बसून तिला काही मागता येईना. काय मागायचं? चूक झाली नसती तर, असं मागता येत नाही. धीर दे म्हणावं तर धीर घेऊन जायचं कुठं, ते दिसत नव्हतं. नेम मोडायचा नाही म्हणून ती हात जोडून बसून राहिली, आणि पहिल्यांदा तिला असं वाटलं की समोरही कुणी उलट करून ऐकत नाहीये, सुलट करूनही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम तिच्या आधी आलेल्या होत्या. डोळे सुजलेले. "अधिष्ठात्यांना सांगितलं मी," त्या म्हणाल्या. "थिसिस परत मागवलाय. निबंध मागे घ्यावा लागेल. चौकशी होईपर्यंत कपाटाला सील."

"मॅडम, मला..."

"आभार मानू नकोस. तुझ्यासाठी नाही केलं. रात्रभर तो खांद्यावरचा हात दिसत होता." त्या खिडकीकडे वळल्या. "तुझी फेलोशिप संपतेय. नवीन शरीरं, नवीन मोजणी, मी नसणार. दुसरे गाइड तुला घेतील असं मी म्हणू शकत नाही. खोटं कशाला सांगू?"

"हो मॅडम."

"भाषणात यातलं काही बोलायचं नाही. फक्त आभार. पाच वाक्यं. ऐकतेस ना?"

काकांनी तिच्या टेबलावर चहा आणून ठेवला. कपाटावरची लाल लाख ते जाता येता बघत राहिले.

कार्यक्रमाला हॉल भरला होता. कुणाची मुलं, कुणाच्या बहिणी, कुणाचे मित्र. बरेचसे म्हातारे. लोकांनी चांगले कपडे घातले होते, जसे लग्नाला घालतात आणि दवाखान्यात जाताना घालतात. अधिष्ठाते बोलले. मग तिचं नाव घेतलं गेलं.

पाच वाक्यं तिनं पाठ केली होती. पहिलं म्हटलं. दुसरं म्हणताना तिची नजर समोरच्या रांगेवरून फिरली आणि ती माणसं मन लावून ऐकताहेत हे तिला दिसलं. पहिल्या वर्षाची मुलंही इतकं मन लावून ऐकत नाहीत.

"मी तुमच्या माणसांच्या गळ्यातल्या दोन गाठी घेतल्या होत्या," ती म्हणाली. "त्यांवरून मी सांगितलं की माणसं दोन प्रकारची असतात. काहींनी ते पेपरात वाचलं असेल. ते खरं नाही. बाटलीत टाकताना माझ्या हातून बाजू बदलल्या. काहींच्या बदलल्या, काहींच्या नाही, आणि कुणाच्या ते आता कळायला मार्ग नाही. तुमच्या माणसांकडून जे घेतलं ते मी वाया घालवलं. मला क्षमा करा असं म्हणायचा मला हक्क नाही, पण तुम्हाला माहीत असावं."

कुणीतरी सवयीनं टाळी वाजवली आणि एका टाळीवरच थांबलं. एक गृहस्थ उठून बाहेर गेले. मॅडम मान खाली घालून बसल्या होत्या. अधिष्ठात्यांनी घाईघाईनं पुढचं नाव पुकारलं.

नंतर चहाच्या वेळी लोक तिच्या बाजूनं वाट काढत गेले, कुणी धक्का लागू नये अशा बेतानं. एक म्हातारी बाई मात्र सरळ तिच्याकडे आली. ठेंगणी, ताठ, हातात पर्स.

"आमच्या ह्यांना दोन वर्षांमागं आणलं होतं इथं," बाई म्हणाली. "उंच होते. घशावर ऑपरेशनचा जुना व्रण."

तिला आठवलं. नाव नाही, व्रण आठवला. त्या व्रणाला लागू नये म्हणून तिनं चीर थोडी बाजूला घेतली होती. "आठवतात आजी."

"त्यांच्याही गाठी घेतल्या होत्या?"

"हो."

"आणि त्यांचा उपयोग झाला नाही म्हणता?"

"नाही झाला."

आजींनी मान हलवली, हिशेब कळल्यासारखी. "मग परत द्या."

तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "काय म्हणालात?"

"परत द्या म्हटलं. तुम्हाला उपयोगाचं असतं तर राहू दिलं असतं. त्यांनीच सांगितलं होतं, लागेल ते घेऊ दे. पण लागलं नाही ना? मग तुमच्याकडे कशाला? त्यांची राख मी नदीत सोडली, तेव्हा मला वाटलं सगळं सोडलं. काही राहिलंय हे मला आत्ता कळतंय."

"आजी, ते आता... तसं राहिलेलं नाही. त्याचे काप केलेत, केसाहून बारीक. काचेवर चिकटवलेत."

"चालेल. काचेसकट द्या."

सांगायला बरंच होतं. कपाट, सील, चौकशी, नियम. तिनं ते सगळं सांगितलंही, अडखळत. म्हाताऱ्या बाईनं शेवटपर्यंत ऐकलं.

"चौकशी कधी संपेल?"

"माहीत नाही. महिने लागतील. मग कदाचित ते नष्ट करतील, नियमाप्रमाणे. मी तोवर इथं असेन की नाही..."

मॅडम जवळ आल्या होत्या. त्यांनी बाईंचा हात धरला आणि शांतपणे, फार सभ्य शब्दांत समजावलं की आत्ता काही देता येणार नाही, पुढंही देता येईल असं वाटत नाही, आपल्या भावना आम्ही समजू शकतो. बाईंनी हात सोडवून घेतला, तोही सभ्यपणे.

"तुमचं बरोबर असेल," त्या म्हणाल्या. "मी थांबते."

"कशासाठी आजी?" तिनं विचारलं.

त्या जवळच्या खुर्चीवर बसल्या, पर्स मांडीवर ठेवली, पदर सारखा केला. लोक पांगले. कपबश्या गोळा झाल्या. माणसं खुर्च्या एकावर एक रचू लागली. आजींच्या रांगेपाशी आली, थबकली आणि ती रांग सोडून पुढच्या रांगेकडे गेली.

मॅडम दारातून एकदा वळून पाहून निघून गेल्या.

ती उभीच होती. कंबर धरली होती. शेवटी ती आजींच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. हात जोडावेत असं एकदा मनात आलं, पण कुणाकडे तोंड करून जोडायचे ते सुचेना, आणि हात तसेच मांडीवर राहिले.